बारकूची ताकद आणि माझा अहवाल

पाण्यात उतरण्याआधी माणसाला ताणलेल्या रबराशी झटापट करायला लावली तर त्याची ताकद वाढते, हे मी शोधून काढलेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या ऑफिसात अजूनही काही लोक त्या सगळ्या प्रकाराला 'उकिडव्यांचा शोध' म्हणतात आणि म्हणताना एकमेकांकडे बघतात. मूळ शोध परदेशातला. माझ्यापर्यंत तो अर्धा किलो चिक्कीच्या पुड्यातून आला.

त्रेसष्ट सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाजारपेठेतला श्रीपती चिक्कीवाला खंडाळ्याच्या बंगल्यांमधली रद्दी उचलतो आणि तिच्यात चिक्की बांधतो. पुडा सोडला तर आत इंग्रजी मासिकाचं पान, शर्यतीत पोहणाऱ्यांविषयीचं. गुळाचा डाग टाळून मी वाचलं. शर्यतीच्या आधी रबरी नळ्या जोर लावून ओढाव्यात, मोजून सहा वेळा. मग आठ मिनिटं स्वस्थ बसावं. मग पाण्यात सूर मारावा, पहिल्या हातापासूनच जोर वाढलेला दिसतो. पुढे लिहिलं होतं, 'मात्र एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. ती म्हणजे', आणि तिथे पान संपलं होतं.

मी तसाच चपला अडकवून श्रीपतीकडे गेलो. तो म्हणाला, "पुढचं पान मघाशी मुंबईच्या पार्टीबरोबर गेलं. दीड किलो घेतली त्यांनी. वाचून मग चिक्की बांधायची पद्धत आपल्यात नाही, उकिडवे." टाळायची गोष्ट कोणती हे अशा रीतीने मुंबईला गेलं. फार महत्त्वाचं असतं तर त्यांनी ते आधीच्या पानावर छापलं असतं, अशी मी मनाची समजूत घातली.

आता मला, म्हणजे विष्णू गोपाळ उकिडवे या हेडक्लार्कला, पोहण्याशी काय कर्तव्य असं कोणीही विचारील. आमच्या बायकोने, द्वारकेने, विचारलंच. मला पोहता येत नाही. आमचं ऑफिस तलावांचं. मावळात पडणारा पाऊस अडवायचा, मोजायचा आणि मोजलेला आकडा पुण्याला कळवायचा, एवढं आमचं काम. त्या ऑफिसच्या क्रीडा समितीचा मी चिटणीस होतो. क्रीडा समिती म्हणजे मी आणि एक कॅरम बोर्ड. पण वर्षातून एकदा करवंदीच्या तलावात आमची आणि खंडाळ्याच्या ऑफिसची पोहण्याची शर्यत व्हायची, तेव्हा चिटणिसाच्या छातीवर बिल्ला लागायचा. तीन वर्षं ढाल खंडाळ्यात होती. आमची माणसं अर्ध्यात असतानाच तिथला ड्रायव्हर महिपती पलीकडच्या काठावरून हात हलवायचा.

यंदा मात्र ढालीपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागली होती. आमचे मिरीकर साहेब म्हणाले, "उकिडवे, कायम बेलदाराची एक जागा निघालीय. आपला माणूस पहिला आला तर खेळाडू म्हणून मला ती त्याला देता येईल. नाही आला तर पुण्याहून कोणीतरी येईल, मग माझा इलाज नाही." बेलदार म्हणजे तलावावरचा पगारी मजूर, आणि आपला माणूस म्हणजे बारकू. लोहगडवाडीच्या वरच्या अंगाला त्याचं झोपडं. तलावाच्या पाणी सोडायच्या दारापाशी साचणारी पाणवेल दोराने ओढून काढायची हे त्याचं काम, आणि तो ते सात वर्षं रोजंदारीवर करत होता. दर सहा महिन्यांनी कागदावर त्याला काढून टाकायचं आणि चार दिवसांनी परत घ्यायचं, त्यामुळे तो कधी जुना होतच नसे. त्या चार दिवसांतही तो कामावर यायचा. वेलीला हुकूम वाचता येत न्हाई, असं त्याचं म्हणणं.

त्याची बायको हिरी हरभऱ्याचा पाला घेऊन आमच्या मागच्या दारी आली आणि द्वारकेला म्हणाली, "वैनी, मला बाकी काय नको. ह्येंचं नाव एकदा कागदावर चढू द्या, की पुन्ना कुनी पुसायचं न्हाई." द्वारका आत आली आणि मला म्हणाली, "हे बघा, हा तुमचा कॅरम नाही. त्या बाईच्या घराचा प्रश्न आहे. नीट करणार असाल तर करा." मी म्हटलं, मी शास्त्राच्या आधाराने करणार आहे. त्यावर ती पाला निवडायला बसली, आणि मला ते लागलं.

रबरी नळ्या म्हणजे काय, तर गाडीची ट्यूब, असा मी अर्थ लावला. आमच्या स्टोअरमध्ये जीपच्या ट्यूबांचा ढीग होता. स्टोअरकीपर रखमाजी हा नियमाने चालणारा माणूस. तो म्हणाला, चांगली ट्यूब जीपशिवाय कोणाला देता येत नाही. निकामी ट्यूब देता येते, पण ती निकामी आहे असा दाखला पाहिजे, आणि दाखला देण्यापूर्वी तिचे दोन तुकडे करावे लागतात, म्हणजे कोणी ती चांगली म्हणून वापरणार नाही. मी म्हटलं, मला तुकडे झालेली पण चांगली हवी आहे. रखमाजीने तीन दिवस विचार केला आणि अशा वर्गात ट्यूब बसत नाही असं लेखी कळवलं. शेवटी मी माझ्या सायकलच्या दोन्ही ट्यूबा काढल्या आणि तीन आठवडे ऑफिसला पायी गेलो. रस्त्यात भेटेल तो सायकलची चौकशी करायचा.

सराव आमच्या अंगणात सुरू झाला. बारकूने कापलेल्या ट्यूबची दोन टोकं मनगटांना गुंडाळायची, मधला भाग मी धरायचा आणि त्याने पाठमोरं उभं राहून पोहल्यासारखे हात मारायचे, अशी योजना. पहिल्याच हाताला मी अंगणभर ओढला गेलो आणि तुळशीवृंदावनाला मिठी मारून थांबलो. बारकूने मागे वळून विचारलं, "भाऊ, तुमी हितं कवा आलात?" मग ट्यूब शेजारच्या मुक्ताबाईंच्या पडवीच्या खांबाला बांधली. चौथ्या हाताला खांब हलला आणि कौलं सरकून त्यांच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर पडली. मुक्ताबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "काय रे बारकू, माझ्या घराला औताला जुंपतोस की काय?" बिचारा बारकू छपरावर चढून सगळी कौलं शाकारून उतरला. ताकद वाढत होती यात शंका नव्हती.

बातमी आळीभर झाल्यावर सल्ले आले. समोरचे अंबाजी मास्तर, निवृत्त ड्रिलमास्तर, रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन येऊन बसू लागले. त्यांचं मत, शर्यतीआधी माणसाला दमवायचंच नाही. मी त्यांना आठ मिनिटांचं शास्त्र समजावलं. ओढल्याने स्नायू जागे होतात पण थकतातही. थकवा आधी उतरतो आणि जाग मागे राहते, तो मोका साधून पाण्यात पडायचं. मास्तर म्हणाले, "आणि मोका चुकला तर?" मी म्हटलं, "मोका चुकवायला मी काय गाढव आहे?" हे वाक्य मी तेव्हा उच्चारलं होतं, हे मास्तर पुढे कोणालाही विसरू देणार नव्हते.

पण खरं सांगतो, शास्त्र खोटं नव्हतं. मी घरचं गजराचं घड्याळ घेऊन तीन सकाळी तलावावर गेलो. बारकू मान पाण्याबाहेर काढून, एका कुशीवर, मोठमोठ्याने श्वास टाकत पोहायचा. त्या पोहण्याला कुठल्याही पुस्तकात नाव नसेल. नुसता पोहला तेव्हा पलीकडच्या उंबरापर्यंत पाच मिनिटं लागली. ओढून लगेच पाण्यात ढकलला तेव्हा साडेपाच लागली. ओढून, आठ मिनिटं काठावर बसवून सोडला, तर साडेचार. तिन्ही आकडे मी वहीत तांबड्या शाईने लिहिले. बारकूला म्हटलं, "बघितलंस?" तो म्हणाला, "व्हय भाऊ. बसल्यावर बरं वाटतं." सगळी गोष्ट आता वेळेवर येऊन ठेपली होती.

आणि इथे मी, सतरा वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, एक गोष्ट साफ विसरलो. आपल्याकडे छापील कार्यक्रमपत्रिकेवर दहा वाजता लिहिलेली गोष्ट दहा वाजता होत नाही. ती पत्रिका मीच छापून घेतली होती, तरी मी तिच्यावर विश्वास ठेवला.

शर्यतीच्या रविवारी तलावाकाठी मांडव घातला होता. अध्यक्ष मिरीकर साहेब. काठावर लोणावळा-खंडाळ्याची माणसं आणि लोहगडवाडीहून उतरून आलेल्या बायकांत पुढे हिरी. बारकूला मी मांडवाच्या मागच्या खांबापाशी उभं केलं, कारण तेवढा एकच खांब मजबूत दिसत होता. दहाला आठ मिनिटं कमी असताना त्याने सहा हात ओढले आणि स्वस्थ बसला. दहा वाजले. कन्याशाळेच्या मुलींनी स्वागतगीत सुरू केलं. त्याला पाच कडवी होती.

गीत संपेपर्यंत जाग ओसरली असणार असा मी हिशेब केला. पुन्हा ओढायला सांगितलं. बारकूने ओढलं. मग दीपप्रज्वलन. वाऱ्यामुळे समई लागेना, काड्यांची पेटी संपली, दुसरी आणायला माणूस वलवणकडे धावला. पुन्हा ओढलं. मग तलावाची पूजा, खणानारळाने ओटी. हे पत्रिकेत नव्हतं, पण ओटी न भरता पाण्यात माणसं सोडायला गावकरी तयार नव्हते, आणि भरली ते बरंच केलं. पुन्हा ओढलं. मग हारतुरे, एकवीस जणांना. बारकूने पाचव्या वेळी ट्यूब मनगटाला गुंडाळताना एवढंच विचारलं, "परत व्हय, भाऊ?" मी म्हटलं, "शास्त्र आहे बारकू." तो ओढू लागला. त्याच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं, तेही मीच बंद केलं होतं. पलीकडे खंडाळ्याचा महिपती सतरंजीवर आडवा होऊन पेरू खात होता.

आता फक्त चिटणिसांचा वार्षिक अहवाल उरला होता. अहवाल झाला की शर्यत. मी बारकूला सांगितलं, "हे शेवटचं. मी बोलायला उभा राहिलो की तू ओढायला लाग." माझ्या मनात, सहा हात ओढून होतील, मी आठ मिनिटांत आटपीन, बरोबर गाठ पडेल. अहवाल चार पानी होता. तीन पानं गाळायची असं मी ठरवलंही होतं.

पण माणूस आहे मी. सतरा वर्षांत माझ्यासमोर कोणी गप्प बसून ऐकलं नव्हतं, घरी नाही आणि ऑफिसात तर नाहीच. तिथे तीनशे माणसं गप्प होती, साहेब मान डोलवत होते, मुली पुढे बसल्या होत्या. पहिलं पान संपलं तेव्हा दुसरं आपोआप वर आलं. दुसऱ्यात कॅरम बोर्डाचा इतिहास होता, तो मी फार मन लावून लिहिला होता. तिसऱ्या पानावर होतो तेव्हा मांडव करकरला.

मी बारकूला ओढायला सांगितलं होतं. थांबायला सांगितलं नव्हतं. सात वर्षं रोजावर काढलेला माणूस सांगितल्याशिवाय थांबत नाही, थांबला की त्याच्या जागी दुसरा येतो. मी उभा राहिल्यापासून तो वीस मिनिटं ओढत होता. मांडवाचा खांब जमिनीतून बाहेर आला, दोऱ्या सुटल्या आणि सगळं कापड अध्यक्षांवर, हारतुऱ्यांवर आणि माझ्या तिसऱ्या पानावर येऊन पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अहवाल संपल्याच्या, असं नंतर कळलं. कापडाखालून मिरीकर साहेब ओरडले, "आधी ती शर्यत सोडा." आणि कोणीतरी ताबडतोब शिट्टी वाजवली.

मी कापडाखालून रांगत बाहेर आलो तोवर पाच जण पाण्यात होते. बारकूचा हात पाण्याबाहेर यायचा आणि तसाच पडायचा. उंबरापाशी महिपती पहिला लागला. बारकू चौथा आला, आणि पाचवा अर्ध्यातूनच परत फिरला होता. आम्ही काठाकाठाने उंबरापाशी धावलो. बारकूला काठावर चढता येईना, मी आणि अंबाजी मास्तरांनी त्याला ओढून घेतलं. मास्तरांनी त्या वेळी गाढवाचा विषय काढला नाही, याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. हिरी धावत आली. तिने पदराने नवऱ्याचं डोकं पुसलं. बारकू मला म्हणाला, "भाऊ, मंग उद्यापासून वेलावरच जायचं ना?"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. एका माणसाची सात वर्षं मी कॅरम बोर्डाच्या इतिहासात बुडवली होती. सोमवारी सकाळी मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि सांगितलं, चूक सगळी माझी, बारकूची नाही. साहेबांच्या कपाळावर मांडवाच्या बांबूचं टेंगूळ होतं. ते म्हणाले, "उकिडवे, पश्चात्तापावर मला जागा देता येत नाही. नियम दाखवा."

नियम, आणि तेही हेडक्लार्कला दाखवायला सांगितलेला. शर्यतीचे नियम मीच टाइप केले होते. दुपारपर्यंत मी ते चौदा वेळा वाचले आणि नवव्या कलमावर माझं बोट थांबलं. 'शर्यत अध्यक्षांच्या समक्ष घेण्यात येईल.' मी टिपण सादर केलं. सदर प्रसंगी माननीय अध्यक्ष कापडाखाली असल्याने शर्यत त्यांच्या समक्ष झाली असे म्हणता येत नाही, सबब ती रद्द होऊन येत्या रविवारी पुन्हा घ्यावी. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "मी खरंच काही पाहिलं नाही," असं म्हणून त्यांनी सही केली. खंडाळेकरांनी कुरकुर केली, पण कापडाखाली त्यांचेही साहेब होते.

शनिवारी बारकू घरी आला आणि अंगणात उभा राहिला. मी नवीन वेळापत्रक आखायला बसलो होतो. तो म्हणाला, "भाऊ, एक मागनं हाय. राग मानू नका." मी म्हटलं, "बोल की." तो म्हणाला, "उद्या तुमी येऊ नका." मी दारातून द्वारकेकडे पाहिलं. ती म्हणाली, "जाणार नाहीत. मी बघते." मी सावरून म्हटलं, "मीही तेच म्हणणार होतो." सबंध रविवार मी घरात बसून काढला. मला फार वाईट वाटत होतं, आणि उंबरापाशी काय होत असेल या काळजीने मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो.

दुपारी अंबाजी मास्तर धापा टाकत आले. भाषण नाही, गीत नाही, ओटी तेवढी भरली, आणि बारकूने महिपतीला दहा हात मागे टाकून उंबर गाठला होता. हिरी भर लोकांत रडली म्हणे. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. पण माझ्यातला संशोधक गप्प बसेना. मी विचारलं, "मास्तर, शर्यतीआधी त्याने केलं काय?" मास्तर म्हणाले, "काही नाही रे. दाराशी वेल साचली होती, ती दोराने ओढून काढत होता, रोजच्यासारखी. मग काठावर बसून सावकाश विडी ओढली आणि पडला पाण्यात." मी विचारलं, "विडीला किती वेळ लागला?" ते मास्तरांनी मोजलं नव्हतं. मी आतून घड्याळ, विडी आणि काड्याची पेटी मागवली, मास्तरांना ती जोराने ओढू नका असं बजावलं आणि वेळ लावली. साडेसात मिनिटं लागली. बारकू माझ्याच शास्त्राने जिंकला होता, आणि सात वर्षं ते तो रोज सकाळी करत होता.

सोमवारी साहेबांनी कायम करण्याचा हुकूम टाइप करायला सांगितला. मी केला. आता मिळालेलं यश वाया जाऊ नये, दरवर्षी त्याला शास्त्राची जोड राहावी, या शुद्ध हेतूने मी खाली आणखी एक ओळ घातली. साहेबांनी बारकूला आत बोलावलं आणि हुकूम मोठ्याने वाचला. "श्री. बारकू यांस बेलदार या पदावर आजपासून कायम करण्यात येत आहे." बारकूने दोन्ही हात जोडले. साहेब पुढे वाचू लागले. "तसेच यापुढे दरवर्षी शर्यतीपूर्वी त्यांची सर्व तयारी क्रीडा चिटणीस श्री. उकिडवे हे जातीने करून घेतील."

बारकूचे हात खाली आले. तो टेबलाजवळ सरकला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मंग मला रोजावरच ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तांबडी पेन्सिल उचलून दुसऱ्या ओळीवर काट मारली आणि कागद माझ्या हातात दिला. मी माझ्या टेबलाशी जाऊन हुकूम पुन्हा टाइप केला. बारकू दारात उभा राहून प्रत्येक अक्षराचा आवाज ऐकत होता, आणि पहिली ओळ संपवून मी कागद यंत्रातून बाहेर काढला तेव्हा कुठे तो हसला.